पातं लावण्याआधी

बुलढाणा जिल्ह्यात विहीर खणताना, रस्त्यासाठी घाट फोडताना किंवा पैनगंगेचं पाणी ओसरल्यावर पात्रात हिरवट गोटे सापडतात. लोक ते पिशवीत घालून माझ्याकडे खामगावला घेऊन येतात. खामगाव चांदीचं गाव. इथल्या सराफ्यात चांदी घ्यायला लांबलांबून गिऱ्हाईक येतं आणि त्या चांदीत बसवायचे खडे कापणं, घासणं हे माझं काम. दगड कापायला फार वेळ लागत नाही. तो कसा कापायचा हे ठरवायला लागतो. या कामातली निम्म्याहून जास्त अक्कल मोटार सुरू होण्याआधीच खर्ची पडते, असं माझं ठाम मत आहे. नव्यानं चाक घेतलेली मुलंमुली विचारायला येतात, त्यांना जे सांगतो ते इथे लिहितो आहे.

१. हिरवा आहे म्हणून पाचू नाही

पहिला प्रश्न ठरलेला असतो. "हिरवा हाय तं पाचूच असंल नं, भाऊ?" विचारणारा मोठ्या आशेनं आलेला असतो, म्हणून उत्तर मी सावकाश देतो. पाचू व्हायला बेरिलियम लागतं, आणि त्याला हिरवेपणा येतो क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे. ही जुळणी वेगळ्या जातीच्या खडकांत होते. आपल्या देशात पाचू मिळाला तो राजस्थानात अजमेरच्या बाजूला. आपला जिल्हा उभा आहे काळ्या कातळावर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांवर. त्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत सिलिका घेऊन आलेलं पाणी झिरपलं आणि गारगोटी, अकीक, कॅल्सेडोनी तयार झाली. आपल्याकडचा हिरवा रंग बहुतेक वेळा सेलॅडोनाइट या लोहयुक्त, मऊ खनिजाचा असतो. ते पोकळीच्या भिंतीला धरतं आणि कधी कधी पारभासक कॅल्सेडोनीच्या आत धाग्यांसारखं अडकून राहतं.

म्हणून आधी टणकपणा पाहायचा. चाकूचं टोक दगडाच्या एखाद्या कोपऱ्यावर दाबून ओढा. कॅल्सेडोनी असेल तर दगडावर ओरखडा उठत नाही, उलट पोलादाचीच करडी रेघ त्यावर उमटते. चाकू दगडात रुतला तर तो अपोफिलाइट किंवा तसंच काही मऊ खनिज आहे. नखानंच हिरवी पूड निघाली तर ते नुसतं सेलॅडोनाइट, त्याचा खडा होणार नाही. या एका रेघेवर पुढचं सगळं अवलंबून आहे. चाक कोणतं, पॉलिश कोणती, घुमट करायचा की पैलू पाडायचे, की दगड जसा आहे तसा परत द्यायचा, हे तिथून ठरतं.

२. दगड ओला करून पाहा, आणि मग वाळू द्या

दगड ओला केला की पॉलिश झाल्यावर तो कसा दिसेल याची कल्पना येते, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढची गोष्ट फार थोडे करतात. दगड पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढा, फडक्यानं पुसा आणि सावलीत ठेवून त्याच्याकडे बघत बसा. पृष्ठभाग आधी वाळतो. जिथे तडा आहे तिथलं पाणी आत शिरलेलं असतं, ते मागाहून वाळतं. त्यामुळे मधल्या थोड्या वेळात प्रत्येक तडा काळसर ओल्या रेघेसारखा स्वच्छ दिसतो. भिंगातून न दिसणारी केसाएवढी चीरसुद्धा त्या वेळी दिसते. तेवढ्यात ती आखून घ्यायची. शाईनं किंवा पेन्सिलीनं आखलं तर पात्यावरच्या पाण्यानं पुसून जातं. मी अॅल्युमिनियमच्या तारेचा टोकदार तुकडा वापरतो, त्याची चंदेरी रेघ ओल्या चाकावरही टिकते.

सुरुंगानं फोडलेल्या विहिरीतल्या दगडात अशा चिरा जास्त असतात. तेच नदीच्या पात्रातला गोटा पाण्यानं आपटून आपटून आधीच पारखलेला असतो, त्यातले कच्चे भाग केव्हाच गळून गेलेले असतात. दोन गोटे सारखेच देखणे असतील तर मी नदीचा उचलतो.

३. साल कुठली ते ओळखा

दगडाच्या एका अंगाला पांढुरकी, खरबरीत साल असते. ती त्या पोकळीची भिंत. सगळी वाढ तिथून आत झालेली असते. कोणत्या बाजूनं काप घ्यायचा याचं उत्तर सालीच्या दिशेत असतं, म्हणून सालीची बाजू कळल्याशिवाय मी दगड पात्याजवळ नेत नाही.

४. पातं कोणत्या दिशेनं घालायचं

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे, म्हणून जरा लांबण लावतो.

मेहकरकडच्या एका काकांनी विहिरीच्या मलब्यातून दगड आणला होता. दोन मुठींएवढा, चपटा, एका अंगाला साल आणि तुटलेल्या अंगाला दुधाळ कॅल्सेडोनी, तिच्यात गर्द हिरवं काहीतरी. चपट्या दगडाचा रुंद काप घ्यावा, असं कोणालाही वाटेल. मोठाले लांबट खडे निघतात, दगड कमी वाया जातो. काकांचंही तेच म्हणणं होतं. "लांबट निघतात नं चांगले, आडवा काहून कापता?"

काप घेण्याआधी मी दोन खिडक्या पाडतो. म्हणजे दगडाच्या दोन अंगांना नखाएवढी जागा चाकावर सपाट घासून, बारीक चाकावर थोडी गुळगुळीत करून आत डोकावतो. काकांच्या दगडाची पहिली खिडकी पाडली सालीला समांतर, रुंद अंगावर. आत हिरवे ठिपके दिसले, पसरलेले, एकासारखा एक. दुसरी पाडली सालीला काटकोनात, कडेच्या अंगावर. तिथे तेच ठिपके उभे धागे झाले होते. सालीपासून निघून वर चढणारे, मध्येच फांदी फुटलेले, टोकाशी पातळ होत दुधाळ भागात विरून गेलेले. दगड एकच, पण रुंद काप घेतला असता तर प्रत्येक धागा मध्येच छाटला जाऊन त्याचा ठिपका झाला असता. काकांच्या हातात दगड दिला, दोन्ही खिडक्या ओल्या करून दाखवल्या आणि गप्प राहिलो. त्यांनी दगड दोनतीनदा उलटापालटा केला आणि म्हणाले, "आडवाच काप मंग."

त्यांना दोन मुलींसाठी दोन पदकं करायची होती. म्हणून एकामागोमाग एक असे लागून दोन काप घेतले. लागून घेतलेले काप पुस्तक उघडल्यासारखे शेजारी ठेवले की एकातली फांदी दुसरीत उलट दिसते, जोड जमतो. पण पात्याची जाडी दोन कापांच्या मधला दगड खाते, त्यामुळे धागे जितके बारीक तितकी जोडी थोडी हुकते. अशा कामाला पातं पातळ लागतं आणि हात सावकाश. दगड पात्यावर ढकलायचा नाही. पातं वाकलं तर काप एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ येतो, आणि मग तो सपाट करताना नेमकं चित्र असलेला थरच घासला जातो.

पट्टेदार अकीक असेल तर पट्ट्यांना काटकोनात काप घ्यायचा, तरच पट्टे दिसतात. पट्ट्यांना समांतर घेतला तर एकरंगी तुकडा हाती येतो. एकरंगी हिरवी कॅल्सेडोनी असेल तर दिशेचं फार अडत नाही, तिथे फक्त तडे टाळायचे.

५. जाडी ही रंगाची गोष्ट आहे

हिरव्या दगडात नवीन माणूस फसतो तो जाडीला. उजेडात धरला की हिरवागार वाटणारा दगड जाड कापून चांदीत बसवला की काळा दिसतो. उजेड आतून परत बाहेर यायला जागाच उरत नाही. नेहमीच्या घुमटाकार खड्यासाठी पाच-सहा मिलिमीटरचा काप ठीक. धागे दाट असतील तर मी तीन-चारवर येतो. मोबाइलची बॅटरी काळोखात दगडामागे धरून दाट आणि विरळ भाग आधी बघून ठेवतो आणि खड्याची रेघ अशी आखतो की दाट भाग एका अंगाला राहील आणि निम्मा खडा मोकळा श्वास घेईल.

आमच्या इथल्या कारागिरांशी माझा वाद होतो तो मागच्या पत्र्यावरून. खड्यामागे चांदीचा बंद पत्रा बसवला की पकड मजबूत होते, हे खरं. पण पारभासक हिरव्या दगडाला पाठ उघडीच हवी. काप घेण्याआधी कारागिराला विचारून घ्या. पाठ बंद राहणार असेल तर दगड आणखी पातळ घ्या, पत्रा आतून चकचकीत ठेवायला सांगा. पाठ उघडी असेल तर थोडी जाडी चालते. खडा तयार झाल्यावर हा विचार करून उपयोग नाही.

६. ब्लडस्टोनचे लाल ठिपके मध्यभागी नकोत

गर्द हिरव्या, अपारदर्शक दगडात लोहाच्या ऑक्साइडचे लाल ठिपके असले की तो ब्लडस्टोन. दख्खनच्या कातळात तो सापडतो, आणि ग्रहाच्या अंगठीसाठी मागणाऱ्यांचीही कमी नाही. त्यात अंधारात बॅटरी लावायची गरज नाही, उजेड आरपार जातच नाही. घुमट बुटका ठेवा, उंच घुमटावर ठिपके ताणल्यासारखे दिसतात. एकच ठळक लाल ठिपका नेमका माथ्यावर आणण्याचा मोह सगळ्यांना होतो. मला तो खडा डोळे वटारल्यासारखा वाटतो. ठिपके कडेकडे, विखुरलेले असू द्यावेत.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. काही लाल भाग आजूबाजूच्या दगडापेक्षा मऊ असतात. पॉलिशच्या वेळी ते आधी झिजतात आणि तिथे खळगा पडतो. कापतानाच लाल भागावर सुईचं टोक दाबून पाहा. मऊ लागला तर ती जागा खड्याच्या आखणीतून वगळा. धागेदार हिरव्या दगडातही धागा पृष्ठभागावर उघडा पडला तर हेच होतं. सेलॅडोनाइट मऊ, भोवतालची कॅल्सेडोनी टणक. म्हणून धाग्यांवर कॅल्सेडोनीचा पातळ स्वच्छ थर राहील असा माथा निवडायचा.

७. अपोफिलाइट कापू नका

याबद्दल मी अगदी हट्टी आहे. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या खाणींतून आलेले अपोफिलाइटचे स्फटिक लोक माझ्याकडे आणतात. बहुतेक पांढरे, पारदर्शक, पण एखादा फिकट हिरवा असतो आणि तो दिसायला इतका सुंदर असतो की याचा खडा झालाच पाहिजे असं वाटतं. पुण्यात पाषाणच्या बाजूला पूर्वी हिरवा अपोफिलाइट मिळाला, तो जगभरच्या संग्रहांत गेला. त्याचा हिरवेपणा व्हॅनेडियमचा, हे १९७० च्या दशकात प्रयोगशाळेत सिद्ध झालं. राहुरीजवळ मोमीन आखाड्याच्या विहिरीत हिरव्या अपोफिलाइटचे गोलाकार गुच्छ सापडले, तेही असेच नावाजले गेले.

हा दगड चाकूनं ओरखडतो. एका दिशेत तो पापुद्र्यांसारखा सरळ फाटतो. त्याच्या रचनेतच पाणी आहे, त्यामुळे लाखेच्या काडीवर बसवताना लागणारी उष्णता त्याला मानवत नाही. आणि मुख्य म्हणजे निसर्गानं त्याला जे चौकोनी खांब आणि चकाकणारी टोकं दिलेली असतात, त्याहून देखणं आपल्या चाकावर काही होणार नाही. कापलेला छोटा अपोफिलाइट बोटावर आठवडाभरही नीट राहत नाही, आणि तोच न कापलेला स्फटिक पिढ्यान् पिढ्या कपाटात राहतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन या, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. तिथून परत आल्यावर हिरवा अपोफिलाइट पात्याखाली घालावासा वाटणार नाही.

तरीही कोणाला शोकेससाठी पैलू पाडायचेच असतील, तर वरचा सपाट माथा फाटण्याच्या पातळीला समांतर ठेवू नका. पाच-दहा अंश तिरका घ्या, नाहीतर पॉलिश करताना माथाच सालीसारखा सुटत राहतो.

८. वजनाच्या मागे लागू नका

आपल्याकडे खडा रत्तीवर विकला जातो, म्हणून विकणाऱ्याला दगडाची राखसुद्धा मोलाची वाटते. मुघलांच्या काळातही मोठा दगड शक्य तितका मोठा ठेवायची रीत होती. म्हणूनच १८५२ साली लंडनमध्ये कोहिनूर पुन्हा कापला आणि तो १८६ कॅरेटवरून १०५.६ कॅरेटवर आला, तेव्हा त्यावर खूप टीका झाली. हिऱ्याच्या बाबतीत तो वाद होऊ शकतो. आपल्या हिरव्या कॅल्सेडोनीच्या बाबतीत वाद नाही. तिची किंमत वजनात नाही, चित्रात आहे. एका चांगल्या फांदीसाठी निम्म्याहून जास्त दगड बाजूला टाकावा लागला तरी टाकावा.

मापांचंही तेच. चांदीच्या तयार कोंदणांची मापं ठरलेली असतात, १४ बाय १०, १८ बाय १३, २५ बाय १८ मिलिमीटर. कारागिराला ती सोयीची, आणि एकसारखा दगड असेल तर मीही तीच घेतो. पण फांदी असलेला दगड १८ बाय १३ मध्ये बसवण्यासाठी तिचं टोक कापू नये. कोंदण वेगळं करून घ्यावं. चांदी वाकते, दगड वाकत नाही.

९. बाजारातला झगझगीत हिरवा

रंगवलेला हिरवा अकीक सगळीकडे मिळतो. सच्छिद्र अकिकात क्रोमची रसायनं मुरवून तो रंग आणतात, ही जगभर चालणारी जुनी पद्धत आहे. गिऱ्हाइकाला सांगून विकलं तर त्यात गैर काही नाही. पण ज्यानं तो हिरवा पाहिला आहे त्याला आपल्या नदीतला शेवाळी हिरवा पहिल्या नजरेत फिका वाटतो. त्याची समजूत काढावी लागते. मी दोन्ही खडे उन्हात शेजारी ठेवतो. रंगवलेल्यात तडे आणि पट्टे जास्त गडद झालेले दिसतात, कारण रंग तिथे जास्त मुरतो. खऱ्यात रंग एकेका धाग्याला धरून असतो. खंबातमध्ये अकीक भाजून लाल करायची जुनी विद्या आहे, पण ती आपल्या हिरव्या दगडावर चालवू नका. उष्णतेनं त्यातलं लोह तपकिरीकडे जातं.

१०. लोणारचं काही आणू नका

लोणारच्या विवरातला "उल्केचा हिरवा खडा" कापून द्या, म्हणून माणसं येतात. उल्कापातातून झालेली हिरवी काच जगात आहे, ती मोल्डावाइट. जर्मनीतल्या रीस विवराच्या आघातात, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी ती झाली आणि सापडते मुख्यतः चेक प्रजासत्ताकात. लोणारला उल्का आदळली ती लोहानं भरलेल्या काळ्या कातळावर, म्हणून तिथली काच काळपट आहे. माझ्यासमोर आलेले हिरवे तुकडे बाटलीचे होते, आत गोल बुडबुडे आणि एक कड कारखान्यातून आल्यासारखी गुळगुळीत.

पण खरा तुकडा आणला तरी मी तो चाकाला लावणार नाही. लोणार अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे, तिथला दगड उचलायचा नाही. त्या विवराचं वय आणि त्याची जन्मकथा अजून त्याच दगडांतून वाचली जाते आहे. पदकात बसवलेला तुकडा अभ्यासाच्या कामाचा राहत नाही.

११. ही विद्या इथलीच आहे

आपल्या भागात दगड कापायची परंपरा नाही, असं सांगणारे भेटतात. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून गाड्या भरभरून अकिकाच्या जातीचा दगड भडोचला जात असल्याची नोंद आहे. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या भोकरदनला १९७३ साली उत्खनन झालं, तिथे मौल्यवान दगडांचे मणी मिळाले. मण्याला भोक कुठून पाडायचं, पट्टा कुठे ठेवायचा, हे प्रश्न सातवाहन काळातल्या कारागिरापुढेही असणारच. शिकायला आलेल्या मुलामुलींना मी आधी एखाद्या वस्तुसंग्रहालयात जाऊन असे मणी नीट बघून यायला सांगतो. पट्टा मण्याच्या बरोबर मध्ये आणायला त्यांनी किती दगड सोडून दिला असेल, याचा अंदाज बांधायला सांगतो.

१२. पाणी नसेल तर कापायचं नाही

हा शेवटचा, पण सगळ्यांत कडक नियम. कॅल्सेडोनी म्हणजे सिलिका. तिची कोरडी धूळ फुप्फुसात बसते आणि निघत नाही. खंबातच्या अकीक कामगारांमध्ये, आणि नुसत्या शेजारी राहणाऱ्यांमध्येही, सिलिकोसिस झालेला आहे. डॉक्टरांनी त्यावर वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. त्यावर पूर्ण बरं करणारा उपाय नाही. म्हणून पातं आणि चाक कायम पाण्याखाली. नाकावरचा रुमाल हे संरक्षण नव्हे. खाली सांडलेला चिखल वाळू द्यायचा नाही, ओला असतानाच खरवडून डब्यात भरायचा. लहान मुलांना मशीनच्या खोलीत येऊ द्यायचं नाही.

काप कसा घ्यायचा ते ठरवतानाही हे डोक्यात ठेवा. पात्यानं रेघेच्या जितकं जवळ कापाल तितकं चाकावर घासणं कमी होतं, आणि पीठही कमी उडतं. जाड काप घेऊन चाकावर उतरवत बसणं हे दगडाचंही नुकसान आणि छातीचंही.

आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही. मशीनचं पाणी मी गाळून पुन्हा वापरतो. पिठाचा गाळ रात्रभर बादलीत खाली बसू देतो आणि सकाळी वरचं पाणी काढून घेतो. तेही कमी पडायला लागलं की मोटार बंद करतो. ते दोन महिने फक्त बघायचं काम. साली ओळखायच्या, बॅटरी लावायची, रेघा आखायच्या. आखून ठेवलेले दगड आषाढात कापतो. काही रेघा तोवर पुसून पुन्हा आखलेल्या असतात. गिऱ्हाईक घाईत असेल तर त्याला हे आधीच सांगतो, आणि थांबायला तयार नसेल तर दगड परत देतो.